एका दाराचे अनेक नंबर : छत्रपती संभाजीनगरातील घरक्रमांकांचा आढावा

घराच्या नंबराला दोन कामे करावी लागतात. बाहेरून आलेल्या माणसाला दार सापडावे, हे पहिले. त्या दारामागची मालकी, कर, वीज, मतदार यांची नोंद एका खुणेला बांधता यावी, हे दुसरे. पहिल्या कामासाठी नंबर वाटेच्या क्रमाने लागलेला आणि दारावर ठळक दिसणारा हवा. दुसऱ्यासाठी तो वहीत एकमेव असला की पुरते, दारावर नसला तरी अडत नाही. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, दुसरे काम करणारे नंबर भरपूर आहेत. महापालिकेचा जुना घर नंबर, नगर भूमापन क्रमांक, प्लॉट नंबर, मालमत्ता कराचा क्रमांक आणि वीजबिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक असे चार-पाच आकडे एकाच घराला सहज चिकटलेले असतात. दार शोधताना मात्र लोक अजूनही चौक, देऊळ, विजेची डीपी आणि मोबाइलवरच विसंबतात. याचे कारण शहराच्या वाढीत सापडते. वाढीचा प्रत्येक थर स्वतःची क्रमांकपद्धत घेऊन आला आणि आधीची पद्धत कोणी मोडीत काढली नाही.

क्रमांक लावण्याच्या चार रीती

जगभरात घरांना नंबर देण्याच्या मुख्य रीती चार. पहिली नोंदीच्या क्रमाची. ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राज्यात १७७० पासून सैन्यभरतीसाठी घरे मोजली गेली, तेव्हा कारकून ज्या क्रमाने फिरला त्या क्रमाने घरांना आकडे पडले. नंतर बांधलेल्या घराला, ते कुठेही असो, पुढचा मोकळा आकडा मिळे. प्रागमधील घरांवर आजही दोन पाट्या दिसतात : लाल पाटी या जुन्या नोंदीची, निळी रस्त्यातल्या क्रमाची. व्हेनिसमध्ये नंबर रस्त्याचा नसून अख्ख्या विभागाचा असतो, त्यामुळे तो हजारांत जातो. पुण्यातला 'अमुक नंबर, सदाशिव पेठ' हा पत्ताही याच कुळातला. तिथेही आकडा पेठेचा आहे, रस्त्याचा नाही.

दुसरी रीत सम-विषमाची. रस्त्याच्या एका बाजूला १, ३, ५ आणि दुसऱ्या बाजूला २, ४, ६. फिलाडेल्फियात ती १७९० च्या सुमारास आली आणि पॅरिसने १८०५ मध्ये ती सगळ्या शहराला लावली. पॅरिसमध्ये सीन नदीला समांतर रस्त्यांवर नंबर प्रवाहाच्या दिशेने वाढतात आणि आडव्या रस्त्यांवर नदीपासून सुरू होतात. त्यामुळे एक पाटी वाचली तरी आपण कोणत्या दिशेने चाललो आहोत हे कळते. तिसरी रीत अंतराची. शिकागोत १९०९ पासून एका ठरलेल्या चौकापासूनच्या अंतरावर नंबर ठरतो. चौथी रीत ठोकळ्याची : आधी विभाग, मग उपविभाग, मग त्यातले घर. जपानमधले पत्ते असे चालतात. चंदीगड आणि नवी मुंबईतील सेक्टरही याच जातीचे. दक्षिण कोरियाने जमिनीच्या तुकड्यांवर बेतलेले आपले पत्ते बदलून २०१४ पासून रस्त्यावर बेतलेले पत्ते अधिकृत केले. त्यासाठी आधी प्रत्येक गल्लीला नाव द्यावे लागले.

संभाजीनगरात पहिली आणि चौथी रीत शेजारी शेजारी नांदतात. दुसरी जवळजवळ नाही. जालना रोड शहराची मुख्य वाहिनी असली तरी त्यावरील इमारतींचे नंबर रस्त्याच्या क्रमाने लागत नाहीत. तिथला पत्ता 'मोंढा नाक्याजवळ', 'आकाशवाणीसमोर', 'सेव्हन हिलच्या अलीकडे' असाच सांगितला जातो.

पुरे आणि दरवाजे

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी येथे शहर वसवले. १६५३ मध्ये दख्खनच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबाने त्याला औरंगाबाद हे नाव दिले आणि १६८२ च्या सुमारास शहराभोवती तटबंदी उभी राहिली. या काळातला पत्ता म्हणजे पुरा, मोहल्ला आणि घरधन्याचे नाव. मुघल सरदारांनी आपापल्या तळांभोवती वस्त्या वसवल्या आणि त्यांचीच नावे पुऱ्यांना पडली. मिर्झा राजा जयसिंगावरून जयसिंगपुरा, बिकानेरच्या करणसिंगावरून करणपुरा आणि त्याचा मुलगा पदमसिंग याच्यावरून पदमपुरा. बेगमपुरा, पहाडसिंगपुरा, कोतवालपुरा, फाजलपुरा, चेलीपुरा ही नावेही तशीच टिकली.

तटाला दरवाजे होते आणि दरवाजे दिशा सांगत : दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, जालना दरवाजा, मकाई दरवाजा. भडकल दरवाजा तर तटबंदीच्याही आधीचा, १६१२ चा. आत बाजारपेठा धंद्याच्या नावाने ओळखल्या जात : सराफा, कासारी बाजार, किराणा चावडी, कुंभारवाडा. पायी किंवा घोड्यावर येणाऱ्या माणसाला दरवाजापासून पुऱ्यापर्यंत आणि पुऱ्यापासून गल्लीपर्यंत पोचायला एवढे पुरत असे. पुढचे शेजारी सांगत. घर नंबराची गरज शेजाऱ्याला नव्हती. ती पडली दूरच्या कचेरीला.

तीन आकड्यांचा नंबर

जुन्या शहराचा खास ठसा म्हणजे आडव्या रेघांनी जोडलेला तीन आकड्यांचा घर नंबर. गुलमंडी, राजाबाजार, औरंगपुरा, खोकडपुरा, उस्मानपुरा या भागांतल्या पावत्या, लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या आणि जुन्या रेशनकार्डांवर तो दिसतो. हैदराबाद, सिकंदराबाद, वरंगल, करीमनगर या शहरांतील पत्ते अगदी याच घडणीचे आहेत, आणि हा योगायोग नाही. औरंगाबाद १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात होते. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात, पण नगरपालिकेच्या वहीतली घडण तशीच राहिली.

नंबर वाचायचा तो डावीकडून उजवीकडे. समजा, एका वाड्याचा नंबर ४-१२-४१ आहे. पहिला आकडा मोठ्या विभागाचा, म्हणजे वॉर्डाचा, दुसरा त्या वॉर्डातल्या ब्लॉकचा, तिसरा घराचा. ब्लॉकमध्ये शिरल्यावर कारकून गल्लीच्या तोंडापासून चालत गेला, बोळात वळला, बंद टोकाशी थांबून परत फिरला आणि त्याच वाटेने आकडे पडत गेले. त्यामुळे ४१ च्या शेजारी ४२ असतो, पण रस्त्यापलीकडे समोरच्या दारावर ९७ किंवा दुसऱ्याच ब्लॉकचा १५ असू शकतो. ज्याने ती वाट चालून नंबर लावले त्याला हा क्रम सरळ वाटतो. नकाशा हातात नसलेल्या पाहुण्याला मात्र त्यात काही तर्क दिसत नाही.

पुढे या नंबराला शेपट्या फुटतात. वाड्याची वाटणी होऊन तीन भावांचे तीन हिस्से झाले की ४-१२-४१/१, ४-१२-४१/२ आणि ४-१२-४१/३ असे बटा नंबर पडतात. मधल्या भावाने मागची खोली विकली की ४-१२-४१/२/अ येतो. रस्त्याच्या बाजूला काढलेल्या दुकानांवर वेगळी आकारणी झाली की त्यांचे आणखी बटे. एका बटा नंबरावरून घराण्याच्या दोन पिढ्यांची वाटणी वाचता येते. उलट दोन घरे एकत्र करून एक इमारत बांधली की दोन्ही नंबर जोडून लिहिले जातात आणि नवी इमारत दोन जुन्या घरांच्या नावाने कर भरत राहते.

या पद्धतीची अडचण पहिल्याच आकड्यात आहे. नंबरातला वॉर्ड आणि निवडणुकीचा वॉर्ड यांचा आता मेळ नाही. महापालिकेची स्थापना ८ डिसेंबर १९८२ रोजी झाली. त्यानंतर वॉर्डरचना वारंवार बदलली. २०१५ ची निवडणूक एकसदस्यीय वॉर्डांनी झाली आणि पुढे बहुसदस्यीय प्रभाग आले. घर नंबरातला आकडा मात्र गोठलेला राहिला. ते बरेच झाले. दर रचनेला नंबर बदलला असता तर खरेदीखते, बँकेची कागदपत्रे आणि पासपोर्ट यांची ओळखच तुटली असती. क्रमांकपद्धतीने राजकीय सीमेवर उभे राहू नये, हा धडा यातून मिळतो. पण त्याचा दुसरा परिणाम असा की आज त्या पहिल्या आकड्याची सीमा सामान्य नागरिकाला नकाशावर दाखवता येत नाही.

जमिनीचे नंबर

घराचा नंबर आणि घराखालच्या जमिनीचा नंबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोहोंची गल्लत हे पत्त्यांच्या घोटाळ्याचे मोठे मूळ. शेतजमिनीला सर्व्हे नंबर असतो किंवा एकत्रीकरणानंतरचा गट नंबर, आणि त्याची नोंद सातबारावर. शहरी हद्दीत नगर भूमापन झाले की प्रत्येक तुकड्याला सिटी सर्व्हे नंबर, म्हणजे सीटीएस नंबर, मिळतो आणि त्याची मिळकत पत्रिका तयार होते. लोक तिला पीआर कार्ड म्हणतात. हा नंबर भूमिअभिलेख खात्याचा आहे. महापालिकेचा त्याच्याशी थेट संबंध नाही. शेतीचे बिगरशेती होऊन त्यावर लेआउट पडला की तिसरा नंबर येतो, तो प्लॉट नंबर. तो त्या लेआउटपुरताच खरा. 'प्लॉट नं. १२' शहरात शेकडो असतात. गट नंबर किंवा कॉलनीचे नाव सोबत नसेल तर तो आकडा निरर्थक ठरतो.

दस्तनोंदणीच्या कायद्याने या प्रश्नाकडे फार पूर्वी पाहिले आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम २१ नुसार शहरातल्या घराचे वर्णन ते कोणत्या रस्त्यावर, रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे, त्यात आज कोण राहते व पूर्वी कोण राहत होते यावरून करावे. आणि त्या रस्त्यावरील घरांना नंबर असतील तर नंबरही द्यावा. 'असतील तर' हे शब्द महत्त्वाचे. कायदा नंबर गृहीत धरत नाही. म्हणून आजही खरेदीखतात घर नंबर, सीटीएस नंबर, क्षेत्र हे सगळे लिहिल्यावर चतुःसीमा येते : पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमुक यांचे घर, दक्षिणेस विक्रेत्याचे उर्वरित क्षेत्र, उत्तरेस महापालिकेची गल्ली. एखादा आकडा चुकला तरी चार बाजूंचे शेजारी मालमत्ता जागेवर धरून ठेवतात. शेजारी बदलले की दहा वर्षांपूर्वीची चतुःसीमा मात्र जुनी होते, आणि मग नंबरच कामी येतो.

सिडकोचे सेक्टर

तटाबाहेर पूर्वेला आणि ईशान्येला पसरलेल्या नव्या शहराने चौथी रीत आणली. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने त्या दशकापासून नवे औरंगाबाद आखायला घेतले आणि जमिनीची एन-१ ते एन-१३ अशी विभागणी केली. एन-२, एन-३ आणि एन-४ जालना रोडच्या दक्षिणेला. एन-१, एन-५, एन-६ उत्तरेला आणि पुढचे आकडे हर्सूलच्या दिशेने. नाशिकमध्ये याच संस्थेच्या वसाहती पहिली स्कीम, दुसरी स्कीम अशा क्रमाने ओळखल्या गेल्या, तर नवी मुंबईत प्रत्येक नोडचे सेक्टर वेगळे. संभाजीनगरात अक्षर आणि आकडा यांची जोडी लोकांच्या तोंडी इतकी बसली की 'एन-सिक्सला राहतो' हे वाक्य कोणालाही समजते.

सेक्टरच्या आत अक्षरे येतात. 'एन-९, एल-४५/६' असा नमुना घेतला तर एन-९ हा सेक्टर, एल हा त्यातला उपभाग, ४५ हा घरांचा गट किंवा ओळ आणि तिरक्या रेघेनंतरचा ६ हे त्या ओळीतले घर. सिडकोने अल्प आणि मध्यम उत्पन्न गटांसाठी एकसारखी घरे ओळींनी बांधल्यामुळे ही रीत तिथे चपखल बसते. मोकळ्या भूखंडांच्या भागात मात्र 'एन-४, सेक्टर एफ-१, प्लॉट नं. अमुक' असा दुसराच नमुना चालतो. शिवाय एकेका सेक्टरमध्ये कॉलन्यांची नावे आहेत : एन-६ मध्ये संभाजी कॉलनी, मथुरानगर, आविष्कार कॉलनी, एन-९ मध्ये पवननगर, शिवनेरी कॉलनी, श्रीकृष्णनगर.

येथे तिरक्या रेघेचा अर्थ जुन्या शहराच्या उलट आहे, हे ध्यानात ठेवावे लागते. राजाबाजारात '/२' म्हणजे एका घराचा फुटलेला हिस्सा. सिडकोत '/६' म्हणजे मुळातच बांधलेले वेगळे घर. पण पुढे सिडकोतही मजले चढले आणि वरच्या मजल्यावरचा भाडेकरू खालच्याच नंबरावर टपाल घेऊ लागला. २००६ मध्ये सिडकोने या वसाहती महापालिकेकडे सोपवल्या. तेव्हा घरांचे सिडको नंबर तसेच राहिले आणि महापालिकेच्या करवहीतला क्रमांक त्यांच्या शेजारी येऊन बसला.

छावणीचा भाग या सर्वांपासून अलग आहे. तिथला कारभार कटक मंडळाकडे आणि जमिनीची नोंद लष्करी जमिनींच्या स्वतंत्र नोंदवहीत. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा येथील एमआयडीसीचे भूखंडही आपल्याच अक्षर-आकड्यांनी चालतात. तिथे रस्ते सरळ आणि फाटकावर नंबर मोठा असल्याने ट्रकचालकाला कारखाना लवकर सापडतो.

गावठाण, गुंठेवारी आणि अपार्टमेंट

महापालिकेच्या हद्दीत हर्सूल, मुकुंदवाडी, चिकलठाणा, गारखेडा, कांचनवाडी, पडेगाव, मिटमिटा अशी मूळची खेडी आली आणि नंतर सातारा-देवळाईही. ग्रामपंचायतीच्या काळात तिथल्या घरांची ओळख नमुना ८ मधल्या मिळकत क्रमांकाने होई. शहरात आल्यावर महापालिकेने नवी आकारणी केली, पण जुन्या दस्तांत आणि घराघरांत पंचायतीचाच नंबर राहिला.

सर्वांत गुंतागुंतीची अवस्था गुंठेवारीची. शेताचे गुंठ्या-गुंठ्यांनी तुकडे पाडून, मंजूर लेआउटशिवाय, अनेकदा शंभर रुपयांच्या मुद्रांकावर विकलेल्या जागांवर शहराचा मोठा भाग उभा आहे. अशा वसाहतींची संख्या शंभराच्या वर जाते. विकणाऱ्याने कच्च्या नकाशावर लिहिलेला आकडा हाच तिथला प्लॉट नंबर. एकाच गटातल्या दोन मालकांनी आपापली विक्री १ पासून सुरू केली की एका कॉलनीत दोन 'प्लॉट नं. ७' होतात. राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना त्यात वाव दिला. नियमितीकरणात मोजणी होऊन तुकड्याला अधिकृत ओळख मिळते. म्हणजे तिथे घर आधी, रस्ता नंतर आणि नंबर सर्वांत शेवटी.

नावांची पुनरावृत्ती ही याच भागाची दुसरी अडचण. गणेशनगर, शिवाजीनगर, हनुमाननगर अशी नावे पुन्हा पुन्हा पडतात. मग वेगळेपणासाठी 'न्यू' जोडले जाते : न्यू उस्मानपुरा, न्यू हनुमाननगर, न्यू बायजीपुरा. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. सामाजिकदृष्ट्या तो आवश्यकच होता. पत्त्याच्या बाजूने पाहता अशा प्रत्येक बदलानंतर जुन्या व नव्या नावाची जोडयादी उपलब्ध असावी लागते.

अपार्टमेंटने नंबर उभा केला. 'बी-३०४' म्हणजे बी विंग, तिसरा मजला, चौथा फ्लॅट. तळाला पार्किंग असेल तर राहता पहिला मजला १०१ पासून सुरू होतो. नसेल तर तळमजल्याला जी-१ किंवा ००१. हा नंबर बिल्डरच्या नकाशात ठरतो आणि करारनाम्यातून कायम होतो. इमारतीच्या आत ही पद्धत निर्दोष आहे. अडते ते इमारत शोधताना, कारण 'साई', 'गुरुकृपा', 'श्रद्धा' या नावांच्या इमारती प्रत्येक भागात आहेत. शहरात मोठ्या संख्येने असलेल्या रो-हाउसच्या वसाहतींत पहिल्या घरापासून शेवटच्यापर्यंत सरळ आकडे असतात. प्रवेशद्वाराशी आराखडा लावला की तिथे कोणी चुकत नाही.

पाटी : कायदा आणि चौकट

रस्त्यांना नावे वा क्रमांक देणे आणि घरांना नंबर लावणे ही महापालिकेची ऐच्छिक हौस नाही. १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम ६३ मध्ये ज्या बंधनकारक कर्तव्यांची यादी आहे, तिच्यात हे काम मोडते. मुंबईच्या १८८८ च्या अधिनियमातही आयुक्तांना नंबर ठरवण्याचा, तो इमारतीवर लावण्याचा अधिकार आहे आणि लावलेला नंबर पुसण्या-बिघडवण्यास मनाई आहे. अधिकार आहे, कर्तव्यही आहे. प्रत्यक्षात मात्र नंबर कराच्या मागणीपत्रावर नेमाने पोचतो, दारावर पोचत नाही.

जुन्या शहरात दाराच्या चौकटीवर खिळ्यांनी ठोकलेली लहान पत्र्याची पाटी अजून कुठे कुठे सापडते. दर दिवाळीला चौकट रंगवताना पाटीवरूनही ब्रश फिरतो आणि चार-पाच थरांखाली आकड्यांचा फक्त उठाव राहतो. रस्ता रुंदीकरणात दर्शनी भाग पाडला की चौकट जाते आणि तिच्याबरोबर पाटी. नव्याने बांधलेल्या दुकानाच्या शटरवर ती पुन्हा लागत नाही. नव्या वसाहतींत पाटीचे काम घरमालकाने उचलले आहे. कंपाउंडच्या खांबावर ग्रॅनाइटमध्ये कोरलेले आडनाव मोठे, घराचे नाव त्याहून मोठे आणि प्लॉट नंबर कोपऱ्यात. सोनेरी अक्षरे काळ्या दगडावर दिवसा शोभतात. रात्री रस्त्याच्या दिव्यात वाचता येत नाहीत.

लिपीचा प्रश्नही दुर्लक्षिण्याजोगा नाही. जुन्या शहरात उर्दू, देवनागरी आणि इंग्रजी या तिन्ही आकड्यांच्या पाट्या आहेत. देवनागरी ४ हा इंग्रजी आठसारखा आणि १ हा नऊसारखा दिसतो; उर्दू पाच नवख्याला शून्यासारखा वाटतो. नंबर देवनागरीत असावा हे योग्यच, पण पार्सल घेऊन येणारा मुलगा परप्रांतातला असेल तर त्याच पाटीवर दुसऱ्या लिपीतला आकडा असणे सर्वांच्या सोयीचे ठरते. वाचनीय पाटीचे नियम साधे आहेत : आकडा रस्त्यावरून दिसेल इतका मोठा, पार्श्वभूमीहून स्पष्ट वेगळा, दाराच्या ठरावीक बाजूला ठरावीक उंचीवर, आणि फाटक उघडे असतानाही न झाकला जाणारा.

भिंतीवरचे तात्पुरते नंबर

याखेरीज दर काही वर्षांनी भिंतीवर पाहुणे नंबर येतात. सर्वांत पद्धतशीर तो जनगणनेचा. जनगणनेत इमारतीचा नंबर आणि 'जनगणना घर' यांत फरक केला जातो. रस्त्यावरून किंवा सामाईक अंगणातून स्वतंत्र मुख्य प्रवेश असलेला इमारतीचा भाग म्हणजे एक घर. दहाव्या इमारतीत दोन घरे असतील तर १०(१) आणि १०(२) असे लिहिले जाते. मध्येच नवी इमारत आढळली तर ती १०/१ होते. कंस आणि तिरकी रेघ यांचा इतका काटेकोर उपयोग दुसऱ्या कोणत्याही पद्धतीत नाही. पण काम संपले की तो नंबर कोणाच्याच उपयोगाचा राहत नाही आणि पुढच्या खेपेला मोजणी नव्याने होते. २०२७ च्या जनगणनेसाठी घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ असा ठेवण्यात आला आणि नोंद मोबाइलवर घेण्याचे ठरले.

पल्स पोलिओच्या पथकाची खडूची खूण आणखी अल्पायुषी. सर्व मुलांना डोस मिळाला तर इंग्रजी 'पी', राहिले तर फुलीसारखा 'एक्स', सोबत पथकाचा क्रमांक, तारीख आणि पुढे कोणत्या दिशेला गेले याचा बाण. पर्यवेक्षक त्याच बाणामागे चालत तपासणी करतो. दार शोधणाऱ्याच्या नजरेतून आखलेली ही एकमेव खूण असावी.

मतदार यादीत 'घर क्रमांक' हा रकाना आहे, पण घराला नंबर नसेल तर काल्पनिक क्रमांक घालावा लागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये देशभर मतदार याद्यांतील 'घर क्रमांक शून्य' या नोंदींवरून वाद झाला, तेव्हा ज्यांच्या घराला नंबरच दिलेला नाही त्यांच्यापुढे शून्य लिहिले जाते, असे स्पष्टीकरण निवडणूक आयोगाने दिले. घराला नंबर न देण्याची किंमत अशी दुसऱ्याच कचेरीच्या वहीत दिसून येते.

दार प्रत्यक्षात कसे सापडते

टपालखात्याने शहर पिनकोडात वाटून घेतले आहे : जुन्या शहराला ४३१००१, छावणीला ४३१००२, सिडकोला ४३१००३, विद्यापीठ परिसराला ४३१००४. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात सुरू झाली आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी, शिवाय संस्कृत कवी. पिनकोड पत्र योग्य पोस्टमनच्या हाती पोचवतो. तिथून पुढे पोस्टमनची आठवणच कामाला येते, आणि त्याची बदली झाली की तीही जाते.

इतरांसाठी खुणा असतात. खुणेचे वैशिष्ट्य असे की मूळ वस्तू गेली, अधिकृत नाव बदलले, तरी ती टिकते. गिरणी बंद पडून काळ लोटला, मिल कॉर्नर आहे. महावीर चौक हे नाव पाटीवर आहे, रिक्षावाला मात्र बाबा पेट्रोल पंपच म्हणतो. चेतक घोडा, टीव्ही सेंटर, सूतगिरणी, दूध डेअरी या खुणा रस्त्यांच्या नावांपेक्षा पक्क्या आहेत. इतकेच की खूण चौकापर्यंत आणते. तिथून दारापर्यंत फोन लागतो. रुग्णवाहिकेला रात्री दोन वाजता हे शेवटचे दोनशे मीटर सर्वांत महाग पडतात.

भारतीय टपालखात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या साहाय्याने तयार केलेली डिजिपिन पद्धत मे २०२५ मध्ये खुली झाली. देशाचा सर्व भूभाग सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या चौकटींत विभागून प्रत्येक चौकटीला दहा चिन्हांचा संकेतांक मिळतो. तो जागेच्या अक्षांश-रेखांशांवरून निघत असल्याने गुंठेवारीतल्या घरालाही तो आपोआप आहे. कोणाच्या मंजुरीची गरज नाही. मर्यादाही उघड आहे. एकावर एक असलेल्या आठ फ्लॅटांना एकच डिजिपिन पडतो आणि एका रुंद घरात दोन-तीन चौकटी येतात. शेजारच्या चौकटीचा संकेतांक पाहून क्रम लागतो असे डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे तो यंत्राला वाट दाखवतो, चालणाऱ्या माणसाला नाही.

शहराचे नाव बदलले तेव्हाही या थरांची परीक्षा झाली. जुलै २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने छत्रपती संभाजीनगर हे नाव ठरवले, फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची संमती आली आणि मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. पत्त्याची शेवटची ओळ बदलली. पिनकोड, घर नंबर, सीटीएस नंबर यांतला एकही आकडा बदलला नाही. जुने दस्त त्यामुळेच नव्या नावाखाली ओळखता येतात.

जुळवणीचा प्रश्न

सगळे जुने नंबर रद्द करून नवा एकच नंबर आणणे हा उपाय दिसायला सोपा आणि करायला महाग आहे. दक्षिण कोरियाला त्यासाठी अनेक वर्षे दोन्ही पत्ते शेजारी चालवावे लागले. संभाजीनगरापुढचे काम जुळवणीचे आहे. त्याचे भाग पाच. एक, करवहीतला प्रत्येक मालमत्ता क्रमांक सीटीएस किंवा गट-प्लॉट नंबराशी आणि नकाशावरच्या जागेशी जोडणे. दोन, प्रत्येक गल्लीला नाव किंवा आकडा देऊन तिचे तोंड कोणते, शेवट कोणता हे ठरवणे. त्याशिवाय सम-विषम क्रम लावता येत नाही. तीन, एका महापालिकेत एका नावाची एकच वसाहत राहील असा नियम निदान नव्या लेआउटना लावणे. चार, बटा नंबर, विंग आणि मजला यांची एकच लिहिण्याची रीत ठरवणे, म्हणजे तिरक्या रेघेचा अर्थ राजाबाजारात आणि एन-९ मध्ये सारखा होईल. पाच, पाटी. पहिली चार कामे नगररचना, करवसुली आणि भूमिअभिलेख या कचेऱ्यांत बसून होतात आणि त्यांचा लाभही आधी त्या कचेऱ्यांनाच मिळतो. पाचव्यासाठी प्रत्येक दारापर्यंत चालत जावे लागते. खर्चाने ते सर्वांत किरकोळ असूनही आजवर मागे राहिले, कारण कर वसूल होण्यासाठी दारावरची पाटी लागत नाही. ती लागते ती पोस्टमनला, रुग्णवाहिकेला आणि पाहुण्याला.